पोटातले आणि ओठावरचे

आपल्या वसतिगृहातील पालकभेटीचा रविवार माजी विद्यार्थ्यांना निश्चितच आठवत असेल. सकाळची वंदना आटोपली की मुलांचे डोळे फाटकाकडे लागतात. कोणाची आई कर्जतहून येते, कोणाचे आजोबा पेणहून एस.टी.ने येतात, पिशवीत दुसरे काही नसले तरी भाजलेल्या शेंगा असतात. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी एक पालक दारू पिऊन फाटकाशी आले. पहारेकऱ्याने अडविताच त्यांनी मुलाच्या नावाने आरडाओरडा सुरू केला. मुलगा सातवीत होता. तो धावत आला आणि साऱ्या मुलांदेखत त्याने वडिलांचे शब्द ऐकले, "तू झालास आणि माझं वाटोळं झालं. पुन्हा तोंड दाखवू नकोस." आम्ही त्या गृहस्थांना रिक्षात बसवून रेल्वे स्थानकाकडे रवाना केले.

रात्री दिवे मालवल्यावर तो मुलगा आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. "सर, दारू प्यायल्यावर माणूस खरं बोलतो का?" असे त्याने विचारले.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. शकावली विचारली तर झोपेतही सांगू. त्या रात्री मात्र "झोप आता, उद्या बोलू," एवढेच आमच्या तोंडून निघाले. स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा शाळेच्या वाटचालीचा आढावा घेण्याचे आमच्या मनात होते. तथापि तो आढावा इतर मान्यवर घेतीलच. आम्ही त्या प्रश्नाचे उत्तर लिहावयाचे ठरविले, कारण तो प्रश्न त्या मुलाच्या आधी आमचा होता.

आमचे कालकथित वडील पनवेलच्या एका भातगिरणीत हमाली करीत. दिवसभर पोती वाहून खांदा सोलवटून निघे आणि संध्याकाळी त्यांची पावले गुत्त्याकडे वळत. ते घरी परतल्यावर जे होई त्याचे वर्णन करण्याचे येथे कारण नाही. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांनी ते आपापल्या घरी पाहिले आहे. आई त्यांचे ताट झाकून ठेवी आणि आम्हा भावंडांना शेजारी झोपावयास पाठवी. सकाळी तिच्या दंडावरचे वळ पदराखाली असत. "ते नाही रे बोलत, बाटली बोलते," असे ती आमची समजूत घालताना म्हणे. थोरल्या काकांचे मत याच्या नेमके उलट होते. "पोटात असतं तेच ओठावर येतं. दारू काही शब्द विकत आणून देत नाही," असे ते ठासून सांगत. एकाच छपराखाली ही दोन मते नांदत होती, आणि आम्ही त्या दोहोंच्या मध्ये वाढलो.

या प्रश्नाला आमच्या घरात आणखी एक पदर होता. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की वडील दारू सोडीत. वस्तीतील विहारात त्या तीन महिन्यांत रोज रात्री 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होई. वडील चौथीपर्यंत शिकलेले होते. ओळीखाली बोट ठेवून, जोडाक्षरापाशी थबकत, ते आपल्या पाळीची पाने वाचीत. पहिले आठ-दहा दिवस त्यांचे हात कापत, रात्री घामाने अंग भिजे, डोळ्याला डोळा लागत नसे. आई लिंबाचे पाणी करून देई. पुढे हळूहळू ते सावरत. धाकट्या बहिणीची वेणी घालून देत, आमच्या वह्यांना जुन्या वर्तमानपत्रांची वेष्टने चढवीत, आईशी खालच्या आवाजात बोलत. आश्विन पौर्णिमा उलटली की पंधरा दिवसांत पुन्हा गुत्ता सुरू होई. वर्षातील तीन महिने एक वडील आणि नऊ महिने दुसरे. त्यांतले खरे कोणते, हे आम्हांला ठरविता येत नव्हते.

१९८५ च्या जूनमध्ये ते ठरले, असे आम्हांला वाटले. दहावीचा निकाल लागला होता आणि आम्ही प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालो होतो. आईने वस्तीत साखर वाटली. रात्री वडील आले ते भिंतीला धरूनच. आम्ही पाया पडण्यासाठी वाकलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब होशील आणि मला बाप म्हणायची लाज वाटेल तुला. तुला जन्माला घातलं हीच माझी चूक झाली."

त्या रात्रीपासून आम्ही काकांच्या पक्षात गेलो. वडिलांच्या पोटातले ओठावर आले, असा निवाडा आम्ही करून टाकला. महाविद्यालयीन शिक्षणासाठी मुंबईच्या वसतिगृहात राहिलो, इतिहासात एम.ए. केले, नोकरीस लागलो. पनवेलला येणे सणावारापुरते उरले. वर्षावासातील वडील आम्हांला सोंग वाटू लागले.

१९९६ च्या आश्विनात बहिणीकडून निरोप आला. ग्रंथवाचनाची समाप्ती आहे, शेवटचे प्रकरण या वेळी आबा वाचणार आहेत, तू यावेस असे त्यांनी सांगितले आहे. "पंधरा दिवसांनी पुन्हा पिणारच आहेत," असे उत्तर आम्ही पाठविले आणि गेलो नाही. त्या वर्षी पंधरा दिवसांनी ते प्याले नाहीत. महिना झाला तरी प्याले नाहीत, असे आईने मागाहून सांगितले. मार्गशीर्षात त्यांना कावीळ झाली. यकृत आधीच निकामी झालेले होते. त्यातून ते उठले नाहीत. ही हकीकत आम्ही आजवर कोठे लिहिली नव्हती.

आमचा निवाडा चुकला होता हे आम्हांला प्रथम इतिहासाने दाखविले, ही गोष्ट कदाचित विचित्र वाटेल. वडील गेल्यानंतर काही वर्षांनी आम्ही विद्यार्थ्यांसाठी पनवेल परिसराच्या इतिहासाची टिपणे काढीत होतो. ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८२ साली प्रसिद्ध झाले. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात गणले जाई. त्यात एकेका जातीजमातीचे वर्णन करताना रंगरूप, पेहराव, अन्न यांच्या जोडीला 'स्वभाव'ही नोंदविलेला आढळतो. कातकऱ्यांसारख्या समूहांच्या वाट्याला त्यात दारूबाजीचा शिक्का आला आहे. जणू काही मद्यासक्ती हा त्यांच्या रक्ताचाच गुण असावा.

त्याच काळातील सरकारी कायदे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे चित्र पुरे होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावची दारू सरकारच्या व मक्तेदाराच्या ताब्यात गेली. पनवेलला लागून असलेले उरण मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचे मोठे केंद्र होते. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांविषयी स्वतंत्र कायदा झाला, आणि ज्या झाडाची फुले आदिवासी पिढ्यान्पिढ्या वेचीत, शिजवून खात, ती फुले जवळ बाळगण्यावर निर्बंध आले. दारूवरील करातून सरकारची तिजोरी भरत होती आणि पिणाऱ्याच्या नावापुढे 'स्वभावतः मद्यपी' अशी नोंद होत होती. त्याच्या अंगावरचे ओझे, त्याची मजुरी, मक्तेदाराचे दुकान त्याच्या वाटेवर कोणी आणून बसविले, यांतले काहीही त्या नोंदीत नाही.

ते वाचताना आम्ही मध्येच थांबलो. वडिलांविषयी आम्ही जी नोंद मनात करून ठेवली होती ती याच वळणाची होती. आपल्याकडे कोणाचा तोल सुटला की 'शेवटी जातीवर गेला' असे लोक सहज बोलून जातात. माणसाने कितीही शिकावे, कितीही सावरावे, ते वरवरचे. आतला माल जन्मानेच ठरलेला, आणि संधी मिळताच तो बाहेर येणार, असा त्या बोलण्याचा अर्थ आहे. 'दारूत खरा माणूस दिसतो' या समजुतीची बैठकही तीच आहे. संयम तेवढा खोटा आणि घसरण तेवढी खरी! ज्या समाजाने स्वतःला घडविण्यासाठीच धम्म स्वीकारला, त्या समाजातील एका शिकलेल्या मुलाने बापाला मात्र गॅझेटियरच्या नजरेने पाहिले होते.

विनयपिटकात स्थविर सागत यांची कथा आहे. त्यांनी एका भयंकर नागाला शांत केले म्हणून त्यांची कीर्ती पसरली. कौशांबीच्या उपासकांनी कौतुकाने घरोघरी त्यांच्यासाठी मद्य तयार ठेवले. सागत सर्वांचा मान राखीत प्याले आणि नगराच्या वेशीपाशी कोसळले. भिक्षूंनी त्यांना उचलून विहारात आणले व तथागतांच्या दिशेला डोके येईल असे निजविले. परंतु नशेत कूस बदलून त्यांनी पाय तथागतांकडे केले. यावर तथागतांनी काय म्हणावे? सागताच्या मनात माझ्याविषयी अनादरच होता, तो आज उघड झाला, असे ते म्हणू शकले असते. तसे ते म्हणाले नाहीत. सागत पूर्वी आदराने वागत होता ना, असे त्यांनी भिक्षूंना विचारले. भिक्षू 'होय' म्हणाले. आज तो आदराने वागतो आहे काय? 'नाही.' नागाला शांत करणारा हा सागत आज साध्या पाणसापाला तरी आवरू शकेल काय? 'नाही.' मग ज्याने भान हरपते ते प्यावे काय, असे विचारून त्यांनी मद्यपानाविरुद्ध नियम घालून दिला.

या कथेत सागताच्या आदराला कोठेही खोटे ठरविलेले नाही. त्यांनी साधनेने जे मिळविले ते खरेच होते. मद्याने ते हिरावले. पंचशीलातील पाचव्या शीलात मद्याला 'प्रमादस्थान' म्हटले आहे, त्याचा अर्थ आम्हांला या कथेतून उमगला. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. घरातील राखणदार झोपी जाण्याचे ते ठिकाण. राखणदार झोपला असता घरात जो गोंधळ होतो, त्यावरून घरमालकाची खरी राहणी ओळखता येत नाही.

तर मग आईचे म्हणणे बरोबर होते काय? बाटलीच बोलत होती काय? तसेही म्हणता येत नाही, आणि येथे आम्हांला वडिलांची बाजू सोडून सत्याची बाजू घेतली पाहिजे. गुत्त्यावरून घरी येण्याच्या वाटेवर गिरणीच्या मुकादमाचे घर होते. मुकादम ओट्यावर बसलेले दिसले की वडील कितीही प्यालेले असोत, डोक्यावरची टोपी नीट करीत, वाकून 'जय भीम, साहेब' म्हणत आणि पुढे होत. मुकादमाला त्यांनी नशेत कधी एक शब्द उलटून बोलल्याचे आम्हांला आठवत नाही. त्यांचा हात आईवरच उठे. शब्द आमच्यावरच सुटत. म्हणजे कोणावर उलटावे आणि कोणापुढे वाकावे, एवढे भान बाटलीखालीही शाबूत होते. क्रेग मॅकअँड्र्यू आणि रॉबर्ट एजर्टन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ साली नाना देशांतील मद्यपींच्या वागण्याचा धांडोळा घेतला, तेव्हा त्यांनाही हेच दिसले. प्रत्येक समाजात दारुड्याने कोठवर जावे याची एक अलिखित हद्द असते आणि दारुडा सहसा ती ओळखून असतो.

कायद्यानेही बाटलीला आरोपी केलेले नाही. कोणी नकळत वा बळजबरीने पाजले असेल तर गोष्ट वेगळी. परंतु स्वेच्छेने प्यालेल्या माणसाला शुद्धीवरील माणसाइतकीच जाण होती असे गृहीत धरावे, असे भारतीय दंड संहितेची ८५ व ८६ ही कलमे सांगत आली. नव्या न्याय संहितेतही ते तत्त्व कायम आहे. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला होता. लग्नाच्या जेवणाच्या वेळी मद्य प्यालेल्या एका निवृत्त जमादाराने, बसण्याची जागा सोडली नाही एवढ्यावरून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला गोळी घातली. नशेची सबब न्यायालयाने मान्य केली नाही आणि खुनाची शिक्षा कायम राहिली.

परमपूज्य बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांसमोर जे भाषण केले, त्यात नवरा वा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, असा रोखठोक उपदेश होता. त्याच्या अंतरंगात काय आहे याची चौकशी करीत बसा, असे त्यांनी सांगितले नाही. आमच्या आईला तो उपदेश विहारातील प्रवचनांमुळे ठाऊक होता. तरीही ती ताट झाकून ठेवीत राहिली. तिने तसे करावयास नको होते असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु तिच्या दंडावरचे वळ वडिलांच्याच हाताचे होते, हे आम्ही लपविणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती घेणारा 'मी' हा शुद्धीवर असलेला माणूस आहे. पहिला पेला उचलण्यापूर्वी तोच माणूस असतो. जबाबदारी तेथे आहे. व्यसन जडल्यावर मात्र तो 'मी' एकट्याने पुरा पडत नाही, हेही ओळखले पाहिजे. हात कापणाऱ्या माणसाला नुसता उपदेश पुरत नाही. त्याला औषधोपचार लागतात, सोबत लागते. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्याला 'मुक्तांगण' सुरू केले ते याच जाणिवेतून. वडील दरवर्षी ते पहिले दहा दिवस लिंबाच्या पाण्यावर काढीत होते. त्यांना दवाखान्यात न्यावे, हे एम.ए. झालेल्या मुलाच्या मनात कधी आले नाही.

आता काकांविषयी. शब्द बाहेरून येत नाहीत, हे त्यांचे म्हणणे आम्ही आजही खोडू शकत नाही. १९८५ च्या त्या रात्रीचे शब्द वडिलांचेच होते. परंतु ते दोन होते, आणि आम्ही दुसऱ्यालाच धरून बसलो. 'मला बाप म्हणायची लाज वाटेल तुला' हा पहिला शब्द. पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला शिकलेल्या मुलाचे वाटणारे भय त्यात होते. ते भय खरे होते आणि पुढे आम्ही ते खरे करूनही दाखविले. मुलगा पहिला आला तर त्याचा अभिमान, तो दुरावेल म्हणून भीती, स्वतःच्या जिण्याचा संताप, हे सारे एकाच पोटात एकाच वेळी असते. त्यांतले कोणते मूळ आणि कोणते वरचे, अशी प्रतवारी नशेतील एका वाक्यावरून लावता येत नाही. भगवंतांनी चित्ताला प्रभास्वर म्हटले आणि मळाला आगंतुक, पाहुणा म्हटले. पोटातील कशाला जपावे आणि कशाला आवरावे हे माणूस शुद्धीवर असताना ठरवितो. त्या ठरविण्यातून शील घडते. नऊ महिन्यांचे वडील घडले होते ते थकव्याने, सवयीने आणि त्यांच्या स्वतःच्या दोषाने. तीन महिन्यांचे वडील त्यांनी घाम गाळून स्वतः घडविले होते. सोंग म्हणून आम्ही ज्याची हेटाळणी केली ते त्यांचे आयुष्यातील सर्वांत कष्टाचे काम होते.

त्या मुलाला आम्ही चार दिवसांनी उत्तर दिले. ते एवढे लांबलचक नव्हते. संध्याकाळी मैदानाच्या कडेला त्याला बसविले आणि विचारले, "तुझे वडील प्यालेले नसताना तुझ्यासाठी काय करतात?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला इथे सोडायला आले होते तेव्हा स्टेशनपासून माझी ट्रंक डोक्यावर घेऊन चालत आले. रिक्षाचे पैसे वाचवून मला कंपासपेटी घेतली."

"तेव्हा ते शुद्धीवर होते?"

"हो."

"मग ते त्यांनी ठरवून केलं. परवा बोलले त्यात त्यांचा राग होता, ते खोटं नाही. पण राग म्हणजे सगळे वडील नव्हेत. आणि ते बोलले ते तू गपगुमान सोसलंच पाहिजे, असंही नाही. तुला वाईट वाटलं हे ते शुद्धीवर असताना त्यांना सांग. मी सोबत बसेन."

पुढच्या पालकभेटीला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या भेटीला आले, दाढी करून, धुतलेला सदरा घालून. मुलाने सांगितले. ते खाली मान घालून ऐकत राहिले. त्यांची दारू सुटली असे आम्ही लिहू शकत नाही. मधल्या काळात दोनदा त्यांना फाटकावरूनच परत पाठवावे लागले. शाळेचा नियम तेव्हापासून तोच आहे. प्यालेल्या पालकास मुलाची भेट नाही. पुढच्या रविवारी शुद्धीवर आल्यास आदराने चहा आणि पूर्ण वेळ भेट. मागचे कोणी काढावयाचे नाही.

आपण रोज सकाळ-संध्याकाळ पंचशील ग्रहण करतो. एकदा घेतलेले शील कायमचे पुरले असते तर ते पुन्हा पुन्हा घेण्याचे प्रयोजन उरले नसते. शिक्षापद म्हणजे शिकण्याची पायरी, आणि शिकणारा चुकतो, पुन्हा शिकावयास बसतो. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज मोठ्या पदांवर आहेत. त्यांतील काहींच्या गावी अजूनही एखादे वडील, एखादा थोरला भाऊ वर्षातील काही दिवसच सावरलेला असेल. त्या थोड्या दिवसांतून कधी तरी घरून निरोप येईल, की विहारात वाचनाची समाप्ती आहे, तू ये. तो निरोप आला तर जावे, एवढीच आमची विनंती आहे.

जय भीम!